मास्तरांचा कार्यानुभव

१२ जून, बुधवार

आज कॉलेजातून प्रवेशाची पुस्तिका आणली. दुकानात हातशिलाई करता करता वाचली, त्यामुळे एका पँटीला दुसऱ्याच पँटीचा खिसा लागला. उसवावा लागला.

वही कोणाच्या हाती पडलीच तर गोंधळ नको म्हणून माझी ओळख लिहून ठेवते. वय एक्कावन्न. धंदा शिवणकामाचा, तीस वर्षांचा, दुकान स्वतःचं. बाई असूनही सगळे मला मास्तर म्हणतात, कारण आमच्या धंद्यात जो कापड कापतो तो मास्तर. शाळेची शेवटची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले आणि पुढच्या सोमवारी वडिलांच्या दुकानात मशीनवर बसले. इतिहासाच्या बाई वडिलांना समजवायला घरी आल्या होत्या. वडिलांनी त्यांचं ऐकून घेतलं, ऐकता ऐकता त्यांचं माप घेतलं, आठवड्यात कोट शिवून दिला आणि विषय मिटवला. तेव्हापासून माझा इतिहास राहिलाय.

पुस्तिकेत लिहिलंय की कला शाखेची ही नवी पदवी 'लवचिक' आहे. वयाची अट नाही. दोन मुख्य विषय आपणच निवडायचे, बाकीचे लहान विषय आवडीप्रमाणे घ्यायचे, आणि पहिल्याच सहामाहीत एकशे वीस तास 'कार्यानुभव' करायचा, म्हणजे बाहेर कुठेतरी जाऊन खरंखुरं काम. लवचिक म्हटलं की मला शंकाच येते. ज्यात म्हणून इलॅस्टिक असतं ते दोन वर्षांत सैल पडतं. कार्यानुभवाचं वाचून मात्र हसू आलं. तीस वर्षांचा अनुभव घरात पडलाय, एकशे वीस तास म्हणजे आपल्या हातचा मळ.

ह्यांना सांगितलं. हे टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आहे. म्हणाले, "मग डबा लागेल." एवढीच चर्चा झाली. सासूबाईंनी मात्र खुर्चीतून विचारलं, "एवढी लवचिक आहे म्हणतेस, तर ती पदवीच घरी येऊ दे की. तू कशाला जातेस?"

१५ जून, शनिवार

खाकी कागदावर पदवी आखली. पहिलं वर्ष म्हणजे पुढचा भाग, दुसरं म्हणजे पाठ, तिसरं म्हणजे बाह्या. खडूने विषय मांडले. एक मुख्य विषय इतिहास, त्यात प्रश्नच नाही. दुसरा मानसशास्त्र. माणूस ट्रायलला आरशासमोर उभा राहतो, पोट आत घेतो आणि म्हणतो, "मास्तर, इथे जरा तुमच्याकडून घट्ट झालंय." तेव्हा त्याच्या मनात काय असतं ते मला तीस वर्षं दिसतंय. पुस्तकवाल्यांना त्याहून जास्त काही दिसत असेल तर सांगोत बापडे.

प्रत्येक विषयाला श्रेयांक असतात. सहामाहीला बावीस लागतात. मी तीस घेतले. कापड नेहमी थोडं जास्तच घ्यावं. कमी पडलं तर कोणी देत नाही, उरलं तर पिशवी होते.

१७ जून, सोमवार

प्रवेशाच्या समन्वयक मॅडम वयाने माझ्या इस्त्रीपेक्षा लहान आहेत. मी तीन टेबलं जोडून माझा कागद पसरला. त्यांनी फोटो काढला आणि म्हणाल्या, "इतका सुंदर आराखडा आमच्या समितीलासुद्धा जमला नव्हता. पण ताई, तीस श्रेयांक घेता येत नाहीत. कमाल सव्वीस."

मी म्हटलं, "असू द्या हो. सैल वाटलं तर आत घेऊ."

त्या म्हणाल्या, आत घेता येत नाही. एकदा घेतलेला विषय सोडला तर तो नापास म्हणून दिसतो. मग लवचिक काय आहे ते विचारलं, तर म्हणाल्या, निवड. म्हणजे कापड हवं ते घ्या, पण कात्री लागली की परत घेणार नाही. हे आमच्याच दुकानातल्या पाटीवर लिहिलंय, त्याला कोणी लवचिक म्हणत नाही.

शेवटी सव्वीस ठरले. इतिहास, मानसशास्त्र, तर्कशास्त्र, कार्यानुभवाचे चार, आणि गुरुवारी मोकळ्या तासाला दुसरं काही बसत नव्हतं म्हणून 'आवाजाची जोपासना'.

५ जुलै, शुक्रवार

कॉलेजचा पहिला आठवडा संपला. सोमवारी मी वर्गात शिरले तर मुलं उभी राहिली. मी बसा म्हटलं, बसली. खऱ्या बाई नंतर आल्या तेव्हा कोणी उठलं नाही, त्याचं मला वाईट वाटलं. पाच दिवसांत तीन पँटी आखूड करून द्यायचं कबूल करून बसलेय.

तर्कशास्त्र फार आवडलं. सगळं कसं कडेला कड लावून चालतं. आवाजाच्या जोपासनेचा घरी सराव केला. सासूबाईंनी ह्यांना हाक मारून सांगितलं, मांजर बाहेर काढ.

५ ऑगस्ट, सोमवार

कार्यानुभवाचा अर्ज दिला. संस्थेचं नाव: माझं दुकान. मार्गदर्शक: मी. मॅडमनी नियम नऊ दाखवला. स्वतःचा धंदा चालत नाही, नातेवाइकाचाही चालत नाही. स्वतःच्या हाताखाली स्वतः काम करता येत नाही म्हणे. तीस वर्षं मी दुसरं काय केलं?

"पण ताई, यादीत सात संस्था होत्या. तुम्ही जूनमध्येच का नाही निवडलीत?"

काय सांगणार? हातचा मळ समजून बसले होते. वाचनालय, संग्रहालय, वर्तमानपत्राची कचेरी, सगळं मुलांनी उचललं. एकच जागा उरलीय. नाटकांना कपडे भाड्याने देणारं भांडार. मॅडम खूश. "इतिहास मुख्य विषय, त्यात राजेराण्यांचे पोशाख! तुमच्यासाठीच राहिलीय बघा ही जागा."

मी पत्ता वाचला. मालकिणीचं नाव वाचलं. मग मॅडमकडे पाणी मागितलं.

ती टाचणी आहे.

६ ऑगस्ट, मंगळवार

टाचणी हे नाव मीच ठेवलेलं. किडकिडीत, सरळ आणि बोचरी. माझ्याकडे नऊ वर्षं होती. सुई कशी धरायची इथपासून मी शिकवलं. चार वर्षांपूर्वी एक दिवस उठली, म्हणाली, "मास्तर, मी येते," आणि गेली. भांडण नाही, तंटा नाही. आमचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या डॉक्टरांचा कोट देऊन महिना झाला असेल नसेल. कारण आजतागायत कळलेलं नाही. आजकालच्या पोरींना निष्ठा म्हणून राहिली नाही, एवढंच.

मी तिच्या रस्त्याने जात नाही. भाजीला लांबून वळसा घालून जाते, चालणं होतं तेवढंच. तिच्या दुकानाला निळं दार आहे, वर दोन खिडक्या आहेत आणि गेल्या वर्षी तिने तिसरं मशीन घेतलं, असं लोक सांगतात. मी काही विचारायला जात नाही.

ह्यांनी जेवताना विचारलं, "मग जाणार?" मी म्हटलं, मेले तरी जाणार नाही. हे म्हणाले, "बरं. कोशिंबीर घे."

मग हिशेब मांडला. कार्यानुभव नाही तर चार श्रेयांक नाहीत, ते नाहीत तर सहामाही गेली. सहामाही गेली की पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. तेहतीस वर्षं राहिलेला इतिहास एका टाचणीपायी पुन्हा राहणार.

१२ ऑगस्ट, सोमवार. तास: ३

गेले.

दार निळंच आहे. टाचणीने अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. तिच्या हाताखाली तिघी आहेत, त्या हसू दाबत होत्या. मला वाटलं ती म्हणेल, "मास्तर, तुम्ही?" तशी ती म्हणालीही, पण पुढे म्हणाली, "रोज अकरा ते दोन. उशीर चालणार नाही. मशीन नंबर तीन. कापायचं काम माझं, तुम्ही शिवायचं."

पहिल्या दिवशी प्रधानाच्या अंगरख्याला बटणं लावली. अकरा बटणं. प्रधान भाड्याने गेला होता तेव्हा त्याची सगळी तुटली होती.

दुसरी अडचण हाकेची. बाकीच्या तिला मॅडम म्हणतात. कॉलेजच्या सूचनेत लिहिलंय की मार्गदर्शकाला आदराने संबोधावे. माझी जीभ वळेना. टाचणी म्हटलं तर ती मालकीण, मॅडम म्हटलं तर मी मेले. म्हणून मी तिला कशानेच हाक मारत नाही. "ऐकलं का" म्हणते. घरी ह्यांना सांगितलं तर हसून हसून त्यांची पोळी करपली.

२३ ऑगस्ट, शुक्रवार. तास: ३०

पोरीचा हात चांगला आहे. हे इथेच लिहितेय, कुठे बोलणार नाही. एकच अंगरखा ती तीन जाडीच्या राजांना बसवते. बगलेत आणि पाठीत असं काही करून ठेवलंय की ओढलं की वाढतो, सोडलं की मिटतो. मी तिघींसमोर म्हटलं, "माझ्याकडे शिकली ना."

टाचणीने वर पाहिलं, पण काही बोलली नाही. हे गप्प बसणं मात्र माझ्याकडे शिकलेलं नसावं, कारण मलाच ते येत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार. तास: ६०

मोठं काम आलंय. ऐतिहासिक नाटक आहे, राणीचं. चारशे वर्षांपूर्वीची राणी. तिचा झगा टाचणीने कापला, शिलाई माझ्याकडे आली. लाल मखमल, बारा मीटर घेर. शिवताना हात सुखावला.

मग तिने पाठीला लावायला चेन दिली. चेन! चारशे वर्षांपूर्वी! मी इतिहासाचं पुस्तक पिशवीतून काढलं आणि म्हटलं, "ऐकलं का, तेव्हा चेन नव्हती. हूक असत, नाड्या असत. मला पुरावा आहे."

ती म्हणाली, "मास्तर, राणीला दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रवेशामध्ये कपडे बदलायला दीड मिनिट आहे. पुराव्याने झगा उतरत नाही."

"पण प्रेक्षकांना पाठ दिसेल."

"दिसू दे. तिकीट पुढच्या बाजूचं काढतात."

इतिहास हा माझा मुख्य विषय आहे, तिचा नाही. पण मी गप्प बसले.

१७ सप्टेंबर, मंगळवार. तास: ८१

फार वेळ गप्प बसले नाही. टाचणी आज माल आणायला गेली होती. मी चेन उसवली आणि सव्वीस हूक लावले. एकेक हूक हाताने, दोन तास, दोन बोटं सुजली. झगा असा दिसतो की राणी स्वतः आली असती तर मापाला उभी राहिली असती. उद्या नाटकवाल्यांची रंगीत तालीम आहे. टाचणी पाहील आणि तिलाच पटेल. चांगल्या कामाला विचारायचं काय असतं?

१८ सप्टेंबर, बुधवार. तास: ८४

सगळं नीट लिहिते, म्हणजे चूक कोणाची ते कळेल.

तालीम सुरू झाली. दुसऱ्या प्रवेशात राणीचं लग्न लागलं. तिसऱ्या प्रवेशात राजा मरतो आणि राणी पांढऱ्या कपड्यात येऊन टाहो फोडते. राजा वेळेवर मेला. राणी येईना. आत दोघीजणी तिचे हूक काढत होत्या, अकराव्यावर अडकल्या होत्या. राजा मेलेल्या अवस्थेत चार मिनिटं पडून होता. शेवटी त्याने एक डोळा उघडून पाहिलं. तेवढ्यात राणी आली ती तशीच, वरून लग्नाची लाल मखमल आणि खालून पांढरा परकर, पाठीवर एक बाई हुकाला लटकलेली. टाहो फोडायच्या आधीच बाकीचे हसून लोळायला लागले. मेलेला राजाही हसला.

टाचणी हसली नाही. दुकानात आल्यावर म्हणाली, "मला न विचारता केलंत."

मी म्हटलं, "तुला कात्री कशी धरायची ते मी शिकवलं. तुला काय विचारायचं?"

"मीसुद्धा एकदा न विचारता कापलं होतं मास्तर. तुम्ही तापाने पडला होता, डॉक्टरांना परगावी जायचं होतं. त्यांचा एक खांदा खाली आहे म्हणून तुमच्या आधीच्या दोन कोटांना सुरकुत्या पडायच्या, माझ्याला पडल्या नाहीत. ते कोट घालून तुमचा हात हातात घेऊन म्हणाले, 'मास्तर, असा कोट जन्मात मिळाला नव्हता.' आणि तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवत नाही म्हटलं.

"मला आठवतं. 'इतकी वर्षं झाली डॉक्टर, हात बसलाय.' मी तिथेच उभी होते. इस्त्री गरम होती हातात."

तिघींचे हात थांबले होते. मी पिशवी घेतली आणि निघाले. आता परत जाणार नाही. मला शिकवायला निघाली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गेले नाही. शांतपणे विचार केला. कोट माझ्या दुकानात कापला. दुकानातलं सगळं माझं. म्हणून कोट माझा. याला तर्क म्हणतात आणि तर्कशास्त्र मी घेतलेलं आहे.

ह्यांना हा तर्क समजावून सांगितला. हे कांदा चिरत होते. म्हणाले, "मग माझ्या स्वयंपाकघरात तू परवा खीर केलीस ती माझी?" मी म्हटलं, तिचा इथे काय संबंध? खीर चांगली झाली होती.

२० सप्टेंबर, शुक्रवार

तर्कशास्त्राच्या पुस्तकात पान एक्केचाळीसवर माझाच तर्क छापलाय. दोषांच्या प्रकरणात. उदाहरण टोपीचं आहे, पण टोपी काय आणि कोट काय.

मॅडमचा फोन आला. "ताई, छत्तीस तास राहिलेत. नऊ ऑक्टोबरपर्यंत नाही झाले तर सहामाही जाईल. काही अडचण आहे का?" तब्येत बरी नाही म्हटलं. तसं खोटं नाही. दोन दिवस जेवण जात नाही.

चार वर्षं मी हेच म्हणत आले की कारण कळलं नाही. खरं म्हणजे त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. मुद्दाम मागे वळून धाग्याची रिळं लावत बसले होते. लावलेलीच होती ती, पुन्हा लावली. हे आज पहिल्यांदा लिहितेय आणि लिहिताना लाज वाटतेय.

२४ सप्टेंबर, मंगळवार. तास: ८७

गेले. वाटेत पाठ केलं होतं: टाचणी, माझं चुकलं, कोटाचंही आणि हुकांचंही. आवाजाच्या जोपासनेत शिकवलंय तसं पोटातून बोलायचं ठरवलं होतं. दारात पोचले, तोंड उघडलं आणि म्हणाले, "हुकांचं चुकलं."

कोट घशातच अडकला.

ती थोडी थांबली. आणखी काही येतंय का बघत असावी. मग म्हणाली, "चौऱ्याऐंशी झालेत. मशीन नंबर तीन."

झगा तिथेच ठेवलेला होता. तिने पाठीला आतून चेन लावली होती आणि चेनीवर एक पट्टी शिवली होती. म्हणाली, "तुमचे सव्वीस हूक या पट्टीवर लावा. नुसते दिसायला. झाकतील चेन. उघडायचं ते आतून उघडेल." मी पट्टी उलटून पालटून पाहिली. इतकी साधी गोष्ट, आणि मला पुस्तक उघडूनही सुचली नव्हती.

 तिने चहा मागवला तेव्हा माझा बिनसाखरेचा सांगितला. चार वर्षांनी लक्षात आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार. तास: १२०

संपले. काल तालीम झाली, राणी एक मिनिट दहा सेकंदांत पांढऱ्यात आली आणि असा टाहो फोडला की मलाच भरून आलं. राजा शेवटपर्यंत मेलेला होता.

उद्या तोंडी परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक येणार, मार्गदर्शकांनाही बोलावलंय. पन्नास गुण, पास व्हायला वीस. त्यातले वीस नुसते 'स्वतःची कल्पना' या रकान्याला आहेत. मुलं म्हणाली, मास्तर, तुम्हाला काय भीती? झगा टेबलावर ठेवला की झालं.

पण भीती वाटतेय. ह्यांना पोळ्या करायला मदत करायला गेले तर त्यांनी हाकलून दिलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

परीक्षक इतिहासाचे प्राध्यापक निघाले. झगा पाहून उभेच राहिले. हूक मोजले. पट्टी उचलली, आतली चेन पाहिली, पुन्हा झाकली, पुन्हा उचलली. लहान मुलाला खेळणं मिळावं तसं चाललं होतं.

"व्वा!" म्हणाले. "बाहेरून चारशे वर्षांपूर्वीचा आणि आतून आजचा. फार हुशारीची कल्पना आहे. तुमची?"

मॅडम माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. टाचणी भिंतीकडच्या खुर्चीत होती. ती माझ्याकडे बघतच नव्हती, आपल्या नखांकडे बघत होती. उत्तर काय येणार ते तिला ठाऊकच असावं.

खोटं कशाला लिहू? सवय फार वाईट. "इतकी वर्षं झाली सर," इथपर्यंत माझ्या तोंडून बाहेर आलंच. तेवढ्यात टाचणीची मान आणखी थोडी खाली गेली.

"इतकी वर्षं झाली सर," मी म्हटलं, "पण ही कल्पना माझी नाही. हिची आहे. कापलाही हिनेच. आणि डॉक्टरांचा कोटसुद्धा हिनेच कापला होता."

"कोणते डॉक्टर?" परीक्षक म्हणाले.

"ते तुमच्या परीक्षेत नाहीत सर. पण कापला हिनेच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं. मग यात तुम्ही काय केलंत?"

"सव्वीस हूक लावले सर. त्याआधी एकदा सगळ्याची वाट लावली."

मागे कोणीतरी हसलं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि विचारलं की ही बाई आपली कोण? नियम नऊमुळे विचारलं असेल, नातेवाईक चालत नाही ना. मी सांगितलं, नात्यातली नाही. माझ्याकडे नऊ वर्षं होती, आणि गेली त्यानंतर माझं दुकान मला आवडेनासं झालं. असं काही मी बोलेन हे मलाच माहीत नव्हतं. पोटातून आलं आणि सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

तेवीस गुण मिळाले. कल्पनेच्या रकान्यात शून्य. पास.

बाहेर जिन्यात टाचणी भेटली. तिचं नाक लाल झालं होतं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "चौदावा हूक वाकडा आहे," आणि भराभर जिना उतरून गेली. वाकडा नाही. मी परत आत जाऊन बघून आले.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

मॅडमनी कॉलेजात बोलावून घेतलं. मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र आलंय, त्यावर एकूण तास एकशे एकोणीस. एक कमी! नियमाप्रमाणे एकशे वीस भरल्याशिवाय श्रेयांक नाहीत. राहिलेलं भरायला सोमवारपर्यंतच सवलत. मी तासांचा हिशेब तोंडी सांगितला, मॅडम म्हणाल्या, ताई, सही त्यांची लागते, मी काय करू?

घरी येऊन मशीनच्या खणातली कॉलेजची तास लिहायची नोंदवही काढून पुन्हा मोजलं. तीन गुणिले चाळीस. एकशे वीस. मग टाचणीला फोन लावला. चार वर्षांत पहिल्यांदा लावला, नंबर पाठच होता.

"एक तास कमी कसा झाला ग?"

"चहाचा वेळ धरला नाही."

"चहा तूच मागवलास!"

"नियम आहे मास्तर. सोमवारी अकराला या, भरून टाकू." मग पुढे म्हणाली, "एका तासात बहुतेक होणार नाही. नवं नाटक आलंय. त्यात तीन राजे आहेत, आणि तिन्ही जाड."

मी फोन ठेवला. हे ऐकत होते. त्यांना सगळं सांगितलं. तीन मशीनं चालवते, तिघींना पोसते आणि साधा तासांचा हिशेब येत नाही! मी नऊ वर्षं शिकवलं, पण गणितात ही पहिल्यापासून कच्चीच.

हे म्हणाले, "सोमवारी डबा दोघींचा देतो."

"एका तासाला डबा कशाला?"

हे नुसतेच हसत भाजी निवडत बसले. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "हिची पदवी अजून लांब आहे रे बाबा."

मला दोघांचंही काही कळलं नाही. आता तारखांप्रमाणे एकेक तास वेगळ्या कागदावर लिहून काढलाय. सोमवारी अकराच्या आधीच जाऊन तिच्यासमोर ठेवणार आहे.